इंजिन बांधून झालं, गाडी चालू होते पण टिकत नाही: शोध कुठून सुरू करायचा

बोअर झालं, नवे पिस्टन-रिंग बसले, हेडचं फेसिंग झालं, सगळं परत जागेवर चढलं. किल्ली फिरवली की गाडी चालू होते, दोन-चार सेकंद गुरगुरते आणि बंद. परत किल्ली, परत तेच. ऑटोमोटिव्ह चौक असो की वाडी, नागपूरच्या कुठल्याही गॅरेजात थोडे दिवस काढा, हे वाक्य कानावर येतंच: "भाऊ, चालू होऊन राहिली, पण टिकून नाही राहिली."

हा लेख आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांसाठी आणि घरच्या घरी जुनी मारुती उभी करणाऱ्या हौशी लोकांसाठी आहे. पेट्रोल गाड्यांपुरताच. कार्बोरेटरवाल्या आणि एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरमधून पेट्रोल देणाऱ्या) अशा दोन्ही त्यात येतात. डिझेलचं प्रकरण निराळं.

जे इंजिन स्वतःच्या जोरावर दोन सेकंदही चाललं, त्यात कम्प्रेशन, करंट आणि पेट्रोल निदान कामापुरतं जमून आलेलं असतं. त्यामुळे संशयाची सुई लगेच पिस्टन-रिंगकडे नेऊ नका. माझं मत विचाराल तर दोष बहुतेक वेळा आत नसतोच. काढताना जे जे सोडलं आणि चढवताना परत जोडलं, त्यात तो असतो: एखादी नळी, एखादं कनेक्टर, अर्थिंगचा पट्टा, बेल्टचा एक दात. हेड परत उघडायचा विचार सगळ्यात शेवटी. नवा कार्बोरेटर किंवा नवा पंप आणायचा विचार त्याच्या जरा आधी.

आधी सेल्फ मारणं थांबवा

नव्याने बांधलेल्या इंजिनाला पुन्हा पुन्हा सेल्फ मारणं महागात पडतं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. रिंग अजून बोअरला बसलेल्या नसतात, त्या कोरड्या घासल्या जातात. तेच पेट्रोल खाली उतरून ऑइल पातळ करतं आणि नवे बेअरिंग त्या ऑइलवर फिरतात. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास जोरात आला तर ऑइल बदलूनच पुढे जा. इंजिनाच्या कामापुढे तो खर्च काहीच नाही.

बॅटरीचंही बघा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट हवेत आणि सेल्फ मारताना १० च्या खाली जायला नको. बॅटरी बसली की करंट कमजोर होतो, ईसीएम (इंजिनचा संगणक) गोंधळतो आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसता.

नवं इंजिन घट्ट असतं, हे खरं. पण किती घट्ट? सगळे प्लग काढा, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावा आणि हाताने फिरवा. जड पण एकसारखं फिरलं तर ठीक. एका जागी अडत असेल तर पुढचं काही करू नका. बेअरिंग कॅप अदलाबदल झाली असेल किंवा व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असेल. जोर लावून फिरवायचं नाही.

प्लग काढलेलेच आहेत तर तसंच थोडा वेळ सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. विझला नाही तर काम थांबवा आणि ऑइल पंपाकडे वळा. काही गाड्यांत ऑइलचा दाब आला नाही की पेट्रोल पंपाचा सप्लायच तुटतो, म्हणून बंद पडण्याचं कारण कधी कधी इथेही निघतं.

बंद कशी पडते, ते नीट बघा

सगळ्या शोधाचं मूळ इथे आहे आणि नवे लोक नेमकं हेच सोडून देतात. मदतीला कुणाला तरी घ्या, त्याच्या हातात मोबाइल द्या आणि चालू होण्यापासून बंद पडेपर्यंतचा व्हिडिओ काढायला सांगा. डॅशबोर्डचे दिवे दिसले पाहिजेत आणि इंजिनचा आवाज ऐकू आला पाहिजे. मग शांतपणे दोन-तीनदा बघा.

खटकन बंद पडते, जणू कुणी किल्लीच काढून घेतली? तर करंट किंवा वायरिंग. आरपीएमचा काटा असेल तर त्याच्याकडे बघा. इंजिन अजून फिरत असताना काटा धाडकन शून्यावर आला, म्हणजे इग्निशनचा किंवा क्रँक सेन्सरचा (क्रँक फिरतो आहे हे ईसीएमला कळवणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल तुटला.

हळूहळू दम लागल्यासारखी, अडखळत, खोकत बंद पडते? तर पेट्रोल पुरत नाही.

रेस देऊन धरली तर चालते आणि पाय काढला की बंद? तर बाहेरची हवा घुसते आहे किंवा स्लोचं (रेस न देता इंजिन चालू ठेवणारं) सर्किट मेलं आहे. इंजिन बांधल्यावर हाच प्रकार सगळ्यात जास्त दिसतो.

काळा धूर, पेट्रोलचा भपकारा आणि मग बंद? तर पेट्रोल जास्त जातं आहे. गार असताना नीट चालते आणि पाच-दहा मिनिटांनी गरम झाल्यावर बंद पडते? तर टॅपेट, कॉइल किंवा क्रँक सेन्सर.

आपली गाडी यातल्या कशात बसते ते कागदावर लिहा आणि त्याच टोकापासून सुरुवात करा. दोन प्रकार एकत्र दिसत असतील तर आधी हवा, मग बाकीचं.

बाहेरची हवा

इनटेक मॅनिफोल्ड काढून बसवलं की हवा घुसायच्या जागा तयार होतात. गॅस्केटचा जुना तुकडा पृष्ठभागावर राहून जातो, मॅनिफोल्ड किंचित वाकलेलं असतं किंवा स्वस्त गॅस्केट बसवलेलं असतं. कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा जाड काळा स्पेसर असतो. नट फार ताणले की तो वाकतो, कधी तडकतो. या स्पेसरवर नवे लोक हमखास ताकद दाखवतात. तिथे ताकद नको, नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळायचे.

मग नळ्या. ब्रेक बूस्टरची जाड नळी, टॅपेट कव्हरपासून येणारी पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत ओढणारी) नळी, डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना करंट वाटणाऱ्या भागाच्या) ॲडव्हान्सची बारीक नळी, पेट्रोलची वाफ ओढणाऱ्या कॅनिस्टरची नळी. यातली एक जरी उघडी राहिली तरी स्लोवर गाडी टिकत नाही. बऱ्याच गाड्यांत बॉनेटच्या आतल्या बाजूला नळ्यांचा नकाशा चिकटवलेला असतो, तो बघा. तो फाटला असेल आणि उघडण्याआधी फोटोही काढले नसतील तर त्याच मॉडेलची गाडी शोधा आणि तिचं बॉनेट उघडून ताडून बघा. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण आपल्याकडे सक्करदऱ्यापासून गिट्टीखदानपर्यंत कुठल्या ना कुठल्या गल्लीत एखादी उभी दिसतेच. मालकाला विचारून बघा, नागपूरचा माणूस नाही म्हणत नाही. उलट बॉनेट उघडल्यावर तोच दहा सल्ले देतो.

गळती शोधायची सोपी आणि सुरक्षित पद्धत अशी. मदतनिसाला रेस देऊन इंजिन दीड-दोन हजार आरपीएमवर धरून ठेवायला सांगा. तुम्ही फवाऱ्याच्या बाटलीने मॅनिफोल्डच्या सांध्यावर आणि कार्बोरेटरच्या बुडाशी थोडं थोडं साधं पाणी मारा, वायरिंग आणि डिस्ट्रिब्युटर वाचवून. जिथे पाणी पडल्यावर आवाज क्षणभर बदलतो, तिथे गळती. नळ्यांसाठी याहून सोपं: एकेक नळी हलक्या हाताने चिमटून धरा. एखादी दाबल्यावर इंजिन सावरलं तर त्या नळीच्या पलीकडे दोष आहे. बूस्टरची नळी दाबल्यावर सावरलं तर बूस्टर फाटला आहे, मग ब्रेकचंही काम निघालं. कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून शोधतात हे खरं, पण तो पेट घेतो आणि खाली एक्झॉस्ट तापलेलं असतं. उदबत्तीचा धूर फिरवणारेही मी पाहिले आहेत. पेट्रोलजवळ ते करू नका, एवढंच सांगतो. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी असू द्या.

एमपीएफआयमध्ये एक गोष्ट ध्यानात ठेवा. मारुतीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हवा मोजायला मॅप सेन्सर असतो. तो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, त्यामुळे छोट्या गळतीने स्लो चढतो किंवा वरखाली होत राहतो. ज्या गाड्यांत एअर फिल्टरनंतर मास एअर फ्लो सेन्सर असतो, त्यांत मात्र सेन्सरच्या पुढे घुसलेली हवा मोजलीच जात नाही. मिश्रण पातळ होतं आणि गाडी सरळ बंद पडते. अशा गाडीत डिपस्टिक अर्धवट बसली किंवा ऑइलचं झाकण सैल राहिलं तरी फरक पडतो.

हवा घुसत नाही, तरीही रेसवरच चालते? मग स्लोचं सर्किट. बऱ्याच कार्बोरेटरवर एका वायरचा छोटा सोलेनॉइड असतो. किल्ली ऑन केली की त्यातून 'टक' असा आवाज आला पाहिजे. आला नाही तर वायर लावायची राहिली आहे किंवा तिथे १२ व्होल्ट येत नाहीत. आवाज येतो आणि तरी स्लो नाही, तर स्लोचा जेट कचऱ्याने बंद असेल. तार घालून तो साफ करू नका, भोक मोठं होतं. काढून हवेने फुंका.

एमपीएफआयमध्ये हेच काम आयएसी व्हॉल्व्ह (स्लोची हवा सांभाळणारा) किंवा इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल करतो. बॅटरी बरेच दिवस काढलेली असेल तर ईसीएम जुनी शिकवण विसरलेला असतो. काही गाड्यांना थ्रॉटल परत शिकवावा लागतो आणि त्याची पद्धत कंपनीप्रमाणे वेगळी असते.

पेट्रोल

इंजिन उघडून महिना-दोन महिने गाडी उभी राहिली असेल, तर टाकीतल्या पेट्रोलवर विश्वास ठेवू नका. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं. प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी बसतं, आणि पंप ओढतो तळापासूनच. पावसाळ्यात गाडी उभी असेल तर ही शक्यता वाढते. पंपाच्या बाहेर जाणाऱ्या नळीतून थोडं पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्या आणि अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करा. जुन्या गाडीत इथेनॉलने टाकीतली जुनी घाणही सुटते आणि फिल्टर तुंबतो. म्हणून इंजिन बांधल्यावर फिल्टर नवाच टाकावा.

कार्बोरेटरवाल्या गाडीत एक ओळखीचा प्रकार घडतो. चालू होते, वीस-तीस सेकंद झकास चालते, मग दम तोडते. फ्लोटच्या भांड्यात होतं तेवढं पेट्रोल संपलं आणि पंपाने नवं दिलं नाही. कॅमवर चालणारा मेकॅनिकल पंप असेल तर तो काढून बघा. चालवणारा रॉड बसवायचा राहिला का? मधला जाड स्पेसर राहिला का, किंवा दोन गॅस्केट बसवल्याने पंपाच्या लिव्हरला झोक कमी पडतो का? ओढण्याची, देण्याची आणि परतीची अशा तीन नळ्या असतात, त्यांची अदलाबदल झाली का? गॅस किट असेल तर पेट्रोलच्या नळीवरचा सोलेनॉइडही तपासा. स्विच गॅसवर राहिला की तो बंद असतो आणि भांडं रिकामं झालं की गाडी बंद.

एमपीएफआयमध्ये किल्ली ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू येते आणि थांबते. हे बरोबर आहे. इंजिन फिरतं आहे असा सिग्नल मिळाला की ईसीएम पंप परत सुरू करतो. क्रँक सेन्सरचा सिग्नल तुटत असेल तर पंपही तुटतो, आणि तुम्ही नवा पंप घेऊन येता. म्हणून आधी गेज लावा. बहुतेक गाड्यांत ३ बारच्या आसपास दाब असतो, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे. बंद पडण्याच्या आधी दाब घसरला तर दोष पेट्रोलचा. दाब शेवटपर्यंत टिकून इंजिन आधी मेलं तर पंपाचा नाद सोडा.

आणि नवतपा. मे महिन्याच्या शेवटी पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नका. मेकॅनिकल पंपात पेट्रोलची वाफ धरते आणि गरम गाडी चालू होऊन बंद पडते. पंपावर ओलं फडकं टाकण्याची आपल्याकडची जुनी युक्ती तपासणी म्हणून उत्तम आहे: फडकं टाकल्यावर गाडी सावरली तर वाफ धरत होती. इलाज मात्र वेगळा. पंप आणि इंजिनच्या मधला स्पेसर बसवा आणि नळी एक्झॉस्टपासून लांब न्या.

पेट्रोल जास्त जाण्याची कारणं थोडक्यात: चोक अडकलेला, फ्लोटची सुई न बसणारी, गळका इंजेक्टर. शिवाय कूलंटच्या तापमानाचा सेन्सर, ज्याचं कनेक्टर बऱ्याचदा लावायचंच राहतं. प्लग काढून बघा, काळे-ओले असतील तर याच बाजूने जा.

करंट आणि अर्थिंग

अर्थिंगचा पट्टा हा छोटा भाग असतो, म्हणून तो शेवटी लावू म्हणत राहून जातो. इंजिन आणि गिअरबॉक्स बॉडीपासून रबरी माउंटिंगवर वेगळं असतं. पट्टा नसेल तर करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, गिअरच्या रॉडमधून, जिथून मिळेल तिथून परततो. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा, सेल्फ मारा. ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंग कमजोर आहे. पट्टा लावताना खालचा रंग खरवडा. इंजिन रंगवून चकाचक केलं असेल तर हे हमखास विसरतं.

सेल्फ चालू असेपर्यंत इंजिन चालतं आणि किल्ली सोडली की त्याच क्षणी बंद होतं? जुन्या गाड्यांत कॉइलला सेल्फ मारताना थेट १२ व्होल्ट मिळतात आणि नंतर रेझिस्टरमधून. रेझिस्टर तुटला की असं होतं. इग्निशन स्विचच्या 'ऑन'च्या संपर्कातही हाच दोष येतो. कॉइलच्या पॉझिटिव्हवर टेस्ट लॅम्प लावून किल्ली सोडताना दिवा विझतो का बघा, दोन मिनिटांत कळतं. इमोबिलायझर (चोरी रोखायला चावी ओळखणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्याही चालू होऊन एक-दोन सेकंदांत बंद होतात. तेव्हा डॅशबोर्डवरचा चावीचा दिवा लुकलुकतो.

आता प्लगच्या वायरी. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरच्या इंजिनाचा क्रम १-३-२, बहुतेक चार सिलिंडरवाल्यांचा १-३-४-२. तीन सिलिंडरमध्ये दोन वायरी अदलाबदल झाल्या तरी एक सिलिंडर बरोबर राहतो. तो एकटा इंजिनला क्षणभर ओढतो, बाकी दोन उलटे धक्के मारतात आणि गाडी थडथडून मरते. डिस्ट्रिब्युटरचा रोटर कुठल्या दिशेने फिरतो ते सेल्फ मारून डोळ्यांनी बघा, मगच क्रमाने वायरी लावा.

टायमिंग

बेल्ट एक दात चुकला तर गाडी चालू होऊ शकते. ताकद नसते, स्लो धरत नाही, कधी कार्बोरेटरमधून फटके येतात. चूक होते ती ठरलेल्या जागी. क्रँकच्या बाहेरच्या मोठ्या पुलीवर एक खाच असते, ती इग्निशन टायमिंग बघायची. बेल्ट बसवायची खूण आतल्या दातेरी पुलीवर वेगळी असते. बाहेरच्या खाचेवर बेल्ट लावला की सगळं चुकतं. शिवाय बाहेरच्या पुलीत रबराचा थर असेल तर वर्षानुवर्षांनी तो सरकतो आणि ती खाचच खोटी होते.

कव्हर उघडा. प्लग काढा. क्रँक नेहमीच्या दिशेने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो. दोन फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा परत जुळल्या पाहिजेत. बेल्ट बसवताना जुळलेल्या खुणा फेरे फिरवल्यावर सरकलेल्या दिसतात, कारण ताण घेणाऱ्या बाजूचा ढिलेपणा तेव्हा उघडा पडतो. तसं झालं तर बेल्ट उतरवून परत बसवा.

डिस्ट्रिब्युटर बसवताना आणखी एक घोळ होतो. खुणा जुळल्या म्हणजे पहिला सिलिंडर कम्प्रेशनवरच आहे असं नसतं, तो एक्झॉस्टच्या शेवटालाही असू शकतो. पहिल्या प्लगच्या भोकावर बोट ठेवा आणि क्रँक फिरवा. दाब बोटाला लागला तर कम्प्रेशन. त्या जागी रोटर पहिल्या वायरीकडे बघत असला पाहिजे. गाडी कशीबशी चालू राहू लागली की टायमिंग लाइटने नक्की करा.

हेडचं फेसिंग जास्त झालं असेल तर कॅम आणि क्रँकमधलं अंतर घटतं आणि कॅमचं टायमिंग किंचित सरकतं. ते एक दाताइतकं नसतं, म्हणून त्याला दोष देण्याआधी बाकी सगळं तपासा. लेथवाल्याशी भांडायला जायचं असेल तर हातात मोजमाप घेऊन जा.

टॅपेट आणि कम्प्रेशन

व्हॉल्व्हचं लॅपिंग किंवा सीट कटिंग झालं की व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडा खोल बसतो. त्याची दांडी तितकी वर येते आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाची) फट कमी होते. जुनंच सेटिंग ठेवून चढवलं तर गार असताना गाडी चालते. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह वाढतो, पूर्ण बंद होत नाही, कम्प्रेशन जातं आणि गाडी बंद. गार होईपर्यंत परत चालू होत नाही. 'गरम झाली की बंद' म्हटलं की लोक कॉइल बदलतात. त्याआधी फिलर गेज घ्या, मॅन्युअलमधला गार इंजिनचा आकडा घ्या आणि एकेक टॅपेट तपासा. पट्टी हलक्या अडकावाने सरकली पाहिजे. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर सेटिंग नसतं, पण ऑइल भरलेले टॅपेट हेड चढवल्यावर काही वेळ व्हॉल्व्ह उघडे धरतात. थोडा वेळ द्या, मग सेल्फ मारा.

इथपर्यंत काही सापडलं नाही तरच कम्प्रेशन गेज. सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल तोडलेलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. ॲक्सिलरेटर न दाबता घेतलेलं रीडिंग फुकट जातं. पेट्रोल इंजिनांत साधारण ११ ते १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर मिळतं. नव्या रिंग बसेपर्यंत थोडं कमी दिसलं तर घाबरू नका. आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक बघा, तो १ किलोच्या आत हवा. सगळे एकसारखे कमी असतील तर कॅमचं टायमिंग. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर मधलं हेड गॅस्केट. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह.

व्हॅक्यूम गेज आणि स्कॅनर

व्हॅक्यूम गेज हे स्वस्त हत्यार आहे आणि नवे लोक ते घेत नाहीत, याचं मला नवल वाटतं. हे गेज मॅनिफोल्डमधली ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजतं. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन स्लोवर १७ ते २१ इंच दाखवतं. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, म्हणून इथे एक इंच कमी धरायचं. काटा कमी पण स्थिर असेल तर हवेची गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग. काटा ठेक्यात एकाच जागी झटके देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह. रेस देऊन धरल्यावर काटा हळूहळू खाली उतरत गेला तर एक्झॉस्ट तुंबलं आहे. जुनं इंजिन ऑइल पीत होतं का? मग कॅटकॉन (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काळ्या राखेने भरलेला असू शकतो. कधी पोर्टमध्ये कचरा जाऊ नये म्हणून कोंबलेलं फडकं तसंच राहतं. हसू नका, हे घडतं.

साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांना मोबाइलला जोडणारा, ईसीएममधली माहिती दाखवणारा छोटा ओबीडी स्कॅनरही पुरतो. कोड वाचण्याआधी लाइव्ह डेटा बघा. गाडी रात्रभर उभी असताना कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेइतकं दिसायला हवं. उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरचं कनेक्टर लावलेलं नाही. किल्ली ऑन, इंजिन बंद असताना मॅप सेन्सरने नागपुरात ९६ ते ९८ किलोपास्कल दाखवायला हवेत. गरम, निरोगी इंजिन स्लोवर ३० ते ४० च्या घरात असतं. ५५-६० दिसत असेल तर परत हवेच्या गळतीकडे आणि बेल्टच्या खुणांकडे जा. सेल्फ मारताना आरपीएम शून्य दिसला तर क्रँक सेन्सर: कनेक्टर, वायर, किंवा सेन्सर आणि दातेरी चकतीमधलं अंतर. गिअरबॉक्स चढवताना त्याची वायर मध्ये चेंगरलेली बऱ्याचदा सापडते.

टिकायला लागली की

पहिल्यांदा टिकली की स्लो थोडा वर, हजार-अकराशेवर ठेवा, नवं इंजिन घट्ट असतं. पाण्याच्या पाइपात हवा राहिली असेल तर ती काढा, पंखा सुरू होतो का बघा. ऑइल किंवा पाणी कुठे गळतं का, त्यावर लक्ष ठेवा. तासन् तास स्लोवर उभी करू नका, रिंग बसायला लोड लागतो. उन्हाळा असेल तर सकाळी लवकर रिंग रोडवर न्या आणि वेग कमी-जास्त करत चालवा, एकाच वेगाने रेटू नका. परत आल्यावर पूर्ण गार होऊ द्या. मग मॅनिफोल्डचे नट परत तपासा, पाण्याची पातळी बघा, टॅपेट पुन्हा एकदा मोजा आणि स्लो कंपनीच्या आकड्यावर आणा.